छाट

पहाटे साडेपाचला पार्क मैदानावर
चाळीस मीटरच्या दोन टोकांना मी माझ्या दोन चपला ठेवतो.
सहा धावा, प्रत्येक सहा सेकंदांत.
काल सहा पूर्णांक तीन. आज चार.
स्टॉपवॉच माझ्याच हातात आहे,
सैफन चहावाला सोडला तर बघायला कुणी नाही,
तरी सहा-चारला मी सहा-चारच म्हणतो.

आमच्या घरात बोलायचं काम हातांकडं होतं.
नायनाचे कान यंत्रमागानं चाळिशीतच नेले.
कारखान्यात बारा तास खडखडाट,
तिथं माणसं बोटांनी बोलायची.
कांडी संपली: तर्जनी गोल फिरवायची.
मालक आला: मिशीला हात.
धागा तुटला: दोन बोटांची कात्री.
रेफ्रीच्या परीक्षेतल्या खुणा मला एका संध्याकाळीत पाठ झाल्या.
पुण्याचे सर म्हणाले, हात इतका स्वच्छ कुठं शिकलास?
म्हटलं, घोंगडे वस्तीत.

कोल्हापुरात फुटबॉलपायी पेठ पेठेवर चालून जाते.
आमच्याकडं लोक विचारतात, पगार किती?
बॅगेत दोन शिट्ट्या, दोन घड्याळं,
कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी,
आणि ती दोन कार्डं,
मुलीला वाटायचं पत्त्यांच्या जोडातली उरलेली पानं.
कोलकात्यात चाळीस हजार माणसांनी मला शिव्या दिल्या,
एकही कळली नाही, शांत झोप लागली.
इथं रेल्वे मैदानावर तीनशेच असतात,
पण मराठी, तेलुगू, कन्नड,
मला तिन्हींतल्या कळतात.
चष्मा घाल बे!

अम्मा विड्या वळायची. दिवसाला हजार.
माल द्यायला जाताना मला सोबत न्यायची.
बिराजदार नावाचा तपासनीस कट्ट्या सोडायचा,
एकेक विडी बोटांत फिरवायचा
आणि न बोलता बाजूला टाकायचा.
ती छाट. कधी शंभर, कधी दीडशे.
तिचे पैसे नाहीत, ती परतही नाही.
अम्मा जाळीतून म्हणायची,
भाऊ, एवढी तरी बघा, चांगली आहे.
तो वर बघायचा नाही.

माझा सामना पहिल्यांदा टीव्हीवर लागला त्या रात्री,
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, मी गोल नाकारला. ऑफसाइड.
मणिपूरचा पोरगा, एकोणीसचा असेल,
हात जोडून माझ्यामागं पळत होता,
सर, एकदा लाइनमनला विचारा.
मी वर पाहिलं नाही.
आम्हाला तसंच शिकवलेलं.

घरी आलो. नायनानं तळहात उलटासुलटा करून विचारलं, बरोबर होतं?
मी मान डोलावली.
अम्मा सुपात तेंदूची पानं कापत होती.
मान खालीच ठेवून म्हणाली,
यादगिरी, तू बी छाट काढणाराच झाला की रे.

मग तो गोल मी कितीदा पाहिला, मोजला नाही.
पोरगा रेषेच्या आतच होता. वीतभर.
सामन्याच्या अहवालात गोल, कार्डं, बदली खेळाडू,
गवताच्या उंचीसाठीसुद्धा रकाना असतो.

तेव्हापासून एवढंच केलं:
निर्णय फिरवत नाही,
पण पोरगं धावत आलं की थांबतो,
त्याचं बोलून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघतो.
निरीक्षकांनी त्याचे गुण कापले. शेरा: वेळ दवडतो.
अम्माला सांगायचं राहिलं.

सहावी धाव. सहा पूर्णांक सहा.
चाचणी पुढच्या मंगळवारी, आणि वय पंचेचाळीस.
सैफन लांबून ओरडतो, काय सर, पास?
दम लागलाय, आवाज फुटत नाही.
मी हात वर करून दोन बोटांची कात्री दाखवतो.
त्याला वाटतं, विडी मागतोय.
येतो, कानावरची काढून देतो.

मी आयुष्यात कधी ओढलेली नाही.
घेतो. उजेडाकडं धरतो,
बोटांत फिरवून बघतो.
चांगली आहे.